जंगलातल्या मुक्कामाची सॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरायला लागला की ठाण्यातल्या आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर तेच प्रश्न नव्याने सुरू होतात. दरवर्षी तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी नौपाड्यात राहतो, नोकरी ऐरोलीत, आणि शनिवार-रविवार बहुतेक कसारा नाहीतर कर्जत लोकलमध्ये. इथलं सगळं एक-दोन रात्रींच्या भटकंतीपुरतं आहे. माहुली, गोरखगड, सिद्धगड, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि नवी मुंबईकरांना जवळचे प्रबळगड, माणिकगड डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. हिमालयात जाणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

आमचे पणजोबा शिकारीला जायचे. तसला अनुभव आता घेता येईल का? निदान एअरगन घेऊन?

नाही. हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतोच, आणि विचारणारा दरवेळी "गंमत म्हणून विचारलं हो" असं वर जोडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फास लावणं, हाकारा घालणं, आमिष ठेवणं, पकडणं, अंडी काढणं, घरटी मोडणं आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत बसतं. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या, प्राण्याला हात लावला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि ज्या गाडीतून गेलात ती गाडीही जाते. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच वेगळा गुन्हा. एअरगन घरी ठेवा.

पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत वनखातं काही वेळा परवानगी देतं हे खरं, पण ती त्या गावच्या अडचणीपुरती असते. शहरातून जीप काढून येणाऱ्यांसाठी नसते. वाटेत कुठे तारेचा फास दिसला तर हात लावू नका, जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा.

मग शिकाऱ्यांसारखं रात्रभर दबा धरून बसायची काहीच सोय नाही?

आहे की. वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणीगणना करतं आणि त्यात नाव नोंदवून सामान्य माणसालाही बसता येतं. तानसा, कर्नाळा, तुंगारेश्वर ही अभयारण्यं आपल्याला जवळ. नोंदणीची सूचना उन्हाळ्यातच येते, लक्ष ठेवा, जागा पटकन भरतात.

मचाणाची सॅक मात्र ट्रेकच्या सॅकपेक्षा वेगळी. एकदा वर चढलात की सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. म्हणून माणशी चार लिटर पाणी, एक चादर, बसायला घडीची उशी, मातकट किंवा गडद हिरवे कपडे. अत्तर, डिओ, डास पळवायचं वासाचं मलम यातलं काही नाही. डासांसाठी पूर्ण बाह्या आणि मोजे. आणि खाणं आवाज न करणारं. माझ्या पहिल्या मचाणावर शेजारच्या गृहस्थांनी पहाटे तीनच्या सुमाराला वेफर्सचं पाकीट फोडलं. समोर पाण्याला तोंड लावलेली भेकराची मादी होती. पाकिटाचा पहिला चर्र आवाज झाला, तिचे कान वळले आणि पुढच्या क्षणी तिथे फक्त हलणारं पाणी. वनरक्षकदादा काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं त्यांच्याकडे. तेव्हापासून मी खजूर आणि गूळपोळी सुती फडक्यात बांधून नेतो.

सॅक केवढी घ्यावी आणि वजन किती असावं?

एका रात्रीला ४०-४५ लिटर, दोन रात्रींना ५०-६०. पाण्यासकट वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहायला हवं. म्हणजे साठ किलोच्या माणसाने बारा किलोच्या पुढे जायचं नाही. त्यातले तीन-चार किलो नुसतं पाणीच असतं, हे घरी काट्यावर सॅक ठेवताना सगळे विसरतात. कमरेचा पट्टा नसलेली सॅक घेऊ नका. ओझं खांद्यावर नाही, कमरेवर बसलं पाहिजे.

यादी फार मोठी वाटते. काय नाही घेतलं तर चालेल?

तंबू नाही घेतला तर चालेल, स्टोव्ह नाही घेतला तर चालेल, खुर्ची-ब्लूटूथ स्पीकर तर घेऊच नका. पण एक गोष्ट सांगतो, मग काय ठेवायचं नि काय गाळायचं ते तुम्हीच ठरवा.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चौघं माहुलीला गेलो होतो. मुक्काम करायचाच नव्हता. सकाळी आसनगावला उतरायचं, वर जायचं, संध्याकाळच्या लोकलने परत. डिसेंबरचा महिना. वर वेळ झाला, उतरताना एका ढोरवाटेला लागलो आणि ती वाट कारवीच्या दाट झुडपांत जिरून गेली. साडेपाचला सूर्य सोंडेमागे गेला. झाडीत त्यानंतर अंधार किती भराभर पडतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. टॉर्च होता, माझ्याच सॅकमध्ये, पण तळाशी. तो काढायला मी अंधारात सगळी सॅक रिकामी केली. त्यात डबा घरंगळला आणि त्याचा आवाज बराच वेळ खाली जात राहिला. तेव्हा कळलं की आम्ही कड्याच्या अगदी काठावर उभे आहोत.

तिथेच बसलो. पाणी चौघांत मिळून दीड लिटर. एकाच्या सॅकमध्ये सोसायटीच्या गणपतीच्या मंडपावरची निळी ताडपत्री चुकून राहून गेली होती, तीच चौघांनी अंगाभोवती गुंडाळली. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं आणि ताडपत्रीवर बारीक पावसासारखी टपटप ऐकू येऊ लागली. ती नसती तर कुडकुडून हालत काय झाली असती कोण जाणे. सकाळी खालून कुऱ्हाडीचा आवाज आला, लाकडं तोडणाऱ्या मामांना हाका मारल्या, आणि वाट आमच्यापासून हाकेच्या अंतरावर निघाली.

त्या दिवसापासून मी सॅक भरतो ती ठरलेल्या रात्रीसाठी नाही, न ठरलेल्या रात्रीसाठी. एका दिवसाचा ट्रेक असला तरी हेडटॉर्च आणि जादा सेल, सहा बाय नऊ फुटांची ताडपत्री, शिट्टी, काडेपेटी आणि लायटर, एक स्वेटर आणि अर्धा लिटर 'न प्यायचं' पाणी सोबत असतंच. हे सगळं मिळून दोन किलोच्या आसपास भरतं.

सॅकमध्ये कुठली वस्तू कुठे?

आधी आत एक मोठी जाड काळी कचऱ्याची पिशवी घाला आणि सगळं तिच्यात भरा. सॅकचं रेनकव्हर पाठीवरून ओघळणाऱ्या पाण्याला अडवत नाही. तळाला स्लीपिंग बॅग. जड वस्तू, म्हणजे पाणी, शिधा, भांडी, मधोमध आणि पाठीला चिकटून. हलके कपडे बाहेरच्या बाजूला. सगळ्यात वरच्या कप्प्यात टॉर्च, पोंचो, प्रथमोपचाराची पिशवी. परीक्षा सोपी आहे: घरी दिवे बंद करून हात घाला, दहा सेकंदांत टॉर्च हाताला लागला पाहिजे. हसू नका, करून बघा.

कॅरिमॅट, म्हणजे झोपायची गुंडाळी चटई, बाहेर आडवी बांधू नका. कारवीत आणि खिंडीत अडकते, आणि मागचा माणूस शिव्या देतो. उभी बांधा.

पाणी किती? वर गडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात ना?

माणशी तीन लिटर, मार्च ते मेमध्ये चार. टाकी असतात, पण फेब्रुवारीनंतर बरीचशी आटतात किंवा हिरवीगार होतात. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात विचारायचं, "मामा, वर टाक्यात पाणी आहे का?" त्या उत्तरावर तुमच्या बाटल्यांची संख्या ठरते. नकाशावर दाखवलेल्या टाक्यावर ठरू नये.

टाक्यातलं किंवा ओढ्याचं पाणी आधी सुती रुमालातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर गोळीचा उपयोग कमी होतो, म्हणून गाळणं आधी. पोट बिघडून लोकलच्या डब्यात उभं राहायचा प्रसंग ज्यांच्यावर आलाय ते अर्धा तास थांबतात. बाकीचे थांबत नाहीत.

गॅसचा छोटा स्टोव्ह लोकलमधून नेता येतो का?

स्टोव्ह नेता येतो, गॅसचा डबा नाही. रॉकेल, स्पिरिटही नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली ज्वलनशील वस्तू घेऊन प्रवास करणं गुन्हा आहे आणि त्याला कैदेचीही तरतूद आहे. "कोण बघतंय" हे उत्तर मला चालत नाही. गर्दीच्या डब्यात गळणारा डबा काय करेल याचा विचार करा. स्वतःच्या गाडीने जात असाल तरच गॅस घ्या.

मग शेकोटी?

आपल्या आवडीचे निम्मे किल्ले अभयारण्यात येतात. हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, माहुली तानसात. तिथे आग पेटवायची नाही, राखीव जंगलातही नाही. वणवा लागला की गवताबरोबर जमिनीवर घरटी करणारे पक्षीही जातात. जिथे मुभा आहे, उदाहरणार्थ गावातल्या अंगणात, तिथे देवघरातला कापूर उपयोगी पडतो. चार वड्या छोट्या डबीत ठेवा. ओल्या लाकडालाही धग लागते.

खरं सांगायचं तर स्वयंपाकाचा सोस सोडा. पाचनई, साम्रद, बारी, खिरेश्वर अशा गावांत घरोघरी जेवणाची सोय होते. आदल्या दिवशी फोन केला की पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा तयार. भांड्यांचं वजन वाचतं आणि पैसे त्या घरात जातात.

खायला काय न्यावं?

शेंगदाणे-गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची कोरडी चटणी. दुसऱ्या दिवशीसाठी मेतकूट आणि पोहे, गरम पाणी मिळालं की काम भागतं. उकडलेली अंडी पहिल्या दुपारपर्यंतच. केळी सॅकमध्ये घालू नका, हा सल्ला मी स्वतः तीनदा मोडलाय आणि तिन्ही वेळा स्लीपिंग बॅगला शिकरण लागलं. एका जेवणाचा जादा शिधा वेगळ्या पिशवीत बांधून तळाशी ठेवायचा आणि घरी परत आणायचा. तो खाल्ला गेला नाही म्हणजे ट्रेक नीट झाला.

ठाण्यात तर घामाच्या धारा असतात. स्वेटर खरंच लागतो?

हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हरिश्चंद्रगड सुमारे १४०० मीटर, कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. ठाण्यात पहाटे १८ अंश असतील तर वर आठ-नऊ धरून चाला, शिवाय वारा. डिसेंबर-जानेवारीत लोकरीची टोपी आणि कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी म्हणून वेगळे ठेवा.

जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. सुती बनियनही घामाने ओलं राहून रात्री अंगाला गार लागतं. खेळाडू घालतात तसल्या पटकन सुकणाऱ्या कापडाचा टीशर्ट बरा. पण शेकोटीच्या, स्टोव्हच्या जवळ तेच कापड वितळतं, तिथे सुती शर्ट वर चढवा. पावसाळ्यात भर दुपारीसुद्धा भिजून वाऱ्यात बसलेल्या माणसाला थंडी भरते. बोलताना जीभ अडखळायला लागली, बटणं लावता येईनात, की त्याला आधी कोरडं करा, मग गोड गरम काहीतरी द्या. दारू कधीच नाही. ती गरम वाटते आणि अंगातली ऊब बाहेर घालवते.

बूट कोणते?

घोट्यापर्यंतचे, रबरी तळाचे, खाचा खोल असलेले. महागच पाहिजेत असं नाही. पायथ्याच्या गावातली मंडळी साध्या कॅनव्हासच्या हंटर शूजमध्ये आपल्यापेक्षा वेगाने चढतात. नवे बूट थेट ट्रेकला घालू नका, आधी पंधरा दिवस स्टेशनला ये-जा त्यातच करा. आणि कपाटात दोन वर्षं पडून राहिलेले बूट त्याहून वाईट. तळाची चिकटवण सुकते आणि घसाऱ्यावर टाच उघडते. एकदा आमच्यातल्या एकाचा अख्खा तळ निघून मागे दगडावर राहिला, हा बूट घालून पुढे. सुतळीने बांधून तो सात तास चालला. तेव्हापासून तीन मीटर सुतळी माझ्या सॅकच्या कप्प्यात कायम.

साप चावला तर सोबत काय औषध ठेवायचं?

काहीही नाही. जंगलात देण्यासारखं औषध नसतं. प्रतिसर्पविष रुग्णालयातच, डॉक्टरांसमोर द्यायचं असतं. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि नेहमीची लस या चौघांवरच चालते. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर ती लागू पडत नाही, पण म्हणून रुग्णालय टाळायचं नाही. कापणं, चोखणं, घट्ट दोरी आवळणं, मांत्रिक, यातलं काहीच नको. अंगठी, कडं, घड्याळ काढा. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून हलू देऊ नका, माणसाला धीर द्या, १०८ ला फोन करा आणि चालायला न लावता खाली उतरवा. साप मारायच्या किंवा पकडायच्या मागे लागू नका.

मण्यारीबद्दल वेगळं सांगतो, कारण मुक्काम करणाऱ्याला तीच जास्त भेटते. ती रात्री फिरते, झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, दात इतके बारीक की चावल्याचं कळतही नाही. पहाटे उठल्यावर पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास, अशी लक्षणं दिसली तर "रात्रीचं पिठलं बाधलं" म्हणून थांबू नका. म्हणून उघड्यावर नुसत्या चटईवर झोपायचं नाही. चेन पूर्ण बंद होणारा तंबू, नाहीतर मच्छरदाणीच्या कडा मॅटखाली खोचलेल्या. तंबूत खाण्याचे कण नकोत, उंदीर येतो आणि त्याच्यामागे साप येतो.

विंचू?

सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. रोज. लाल विंचवाचा दंश गंभीर असतो. नुसती आग होत राहिली तर एक, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर तातडीने रुग्णालय. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि कोकणात असंख्य जीव वाचले. ग्रामीण रुग्णालयात हे औषध माहीत असतं. स्वतःच्या मनाने घेऊ नका.

मधमाश्यांची इतकी भीती का घालता?

कारण कड्यांवर आणि लेण्यांच्या कपाऱ्यांत आग्या मोहोळ असतं आणि किल्ल्यांवर बिबट्यापेक्षा त्याच्यामुळेच जास्त माणसं जायबंदी होतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड, ड्रोन, सगळ्यांनी त्या उठतात. उठल्या तर हातवारे करू नका. चादरीने किंवा ताडपत्रीने डोकं-तोंड झाकून तिथून दूर चला. काटा चिमटीत न धरता नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून लगेच काढा. ज्यांना माश्यांची ॲलर्जी माहीत आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेवावं आणि सोबतच्यांना ते कुठे ठेवलंय ते दाखवावं.

बिबट्या समोर आला तर?

पाठ दाखवून पळू नका, वाकून बसू नका, त्याला निघून जायला वाट ठेवा. तो जातो. संध्याकाळनंतर एकट्याने लघवीला लांब जायचं नाही आणि लहान मुलं घोळक्याच्या मधोमध, इतकं पाळा.

प्रथमोपचाराच्या पिशवीत नेमकं काय?

क्रेप बँडेज दोन, गॉज, चिकटपट्टी, आयोडीनचं मलम, पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, ओआरएसची चार पाकिटं, कात्री, चिमटा, जळवांसाठी मीठ. स्वतःची रोजची औषधं एका दिवसाची जास्त. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जळू ओढू नका, नखाने तोंडाच्या बाजूने सरकवा. ती निघाल्यावर रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरायचं कारण नाही.

दोरी किती मीटर?

दहा मीटर, कपडे वाळत घालायला आणि ताडपत्री ताणायला. कड्यावरून उतरायला ही दोरी वापरायची नाही. जांभळी नाक्यावर मीटरवर मिळणाऱ्या नायलॉनच्या दोरीवर जीव टांगायचा नसतो. जिथे खरंच दोर लागतो तिथे प्रशिक्षित माणूस आणि त्याचं साहित्य लागतं. अलंग, मदन, कुलंग या गडांबद्दल विचारणाऱ्यांना हेच उत्तर. चाकू खिशात मावेल एवढा. कोयता कशाला?

मोबाइल आहे, नकाशा डाउनलोड केलाय. पुरे ना?

फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर रेंज शोधत बसून बॅटरी दुपारीच संपते. पॉवर बँक आणि वायर दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, रबरबँड लावून. दुधाची पिशवी झिपवाल्या पिशवीपेक्षा टिकाऊ, आणि घरात रोज एक फुकट येते. नकाशाची प्रिंटही घ्या. आणीबाणीत ११२.

परदेशातल्या नातेवाइकाने सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर आणलाय म्हणून तो मिरवत नेऊ नका. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे.

वाट चुकली असं वाटलं तर?

बसा. पाणी प्या. पाच मिनिटं कुणीच काही सुचवायचं नाही. मग शेवटची नक्की मळलेली वाट जिथे होती तिथपर्यंत मागे जा. "खाली गेलं की गाव लागेलच" हे सह्याद्रीत खोटं आहे. नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, उतरत गेलात की पुढे बहुतेक वेळा धबधब्याचा कोरडा कडाच लागतो, आणि उतरलेलं परत चढता येत नाही. अंधाराला तास उरला असेल तर शोधाशोध थांबवा, सपाट जागा बघा, ताडपत्री काढा. शिट्टीचे तीन आवाज, मिनिटभर थांबून पुन्हा तीन. ओरडून घसा बसतो, शिट्टीला काही होत नाही.

पावसाळ्यात मुक्काम करावा का?

मी आता करत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथल्या घरांत आम्ही अनेकदा चहा प्यायलोय. जायचंच असेल तर दिवसाउजेडी जा आणि उताराखाली, ओढ्याच्या पात्रात थांबू नका. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला असू द्या, पाय सुटला तर सॅक टाकून देता येते.

शौचाला आणि पाळीच्या दिवसांत काय करायचं?

एक छोटं खुरपं. पाण्यापासून सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, वरून माती. ओले टिश्यू आणि पॅड पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत. कागदात गुंडाळून वेगळ्या काळ्या पिशवीत, मागच्या बाहेरच्या खिशात, आणि घरी आणून कचऱ्यात. हा प्रश्न ग्रुपवर विचारायला मुलींना संकोच वाटतो आणि मग त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. ते फार वाईट. टोळीप्रमुखाने निघतानाच सगळ्यांसमोर सांगून टाकावं.

घरी काय सांगून निघायचं?

कागदावर लिहून फ्रिजवर लावा: कुठला किल्ला, कोणत्या गावातून चढणार, कोणत्या गावात उतरणार, सोबत कोण, आणि "रविवारी रात्री दहापर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा". पायथ्याच्या गावात पोलीस पाटलांना किंवा ज्या घरी जेवलात त्यांना परतीची वेळ सांगा, आणि उतरल्यावर आठवणीने "आलो" असं सांगा. एकदा आम्ही न सांगताच दुसऱ्या वाटेने निघून आलो, आणि बिचारे काका रात्री दोन पोरं घेऊन आम्हाला शोधायला वर गेले होते. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांच्या शिव्या निमूट ऐकल्या.

सरावासाठी येऊरला रात्र काढता येईल का?

नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे रात्री जंगलात थांबायला मनाई आहे. सराव घराच्या गच्चीवर करा. भरलेली सॅक घेऊन सोसायटीचे जिने तीनदा चढा, मग गच्चीवर अंधारात ताडपत्री बांधा. नवी मुंबईकरांना खारघरची टेकडी आणि पारसिकचा डोंगर दिवसा चालायला आहेतच. गच्चीवर काय चाललंय ते सोसायटीचा वॉचमन विचारेल, त्याला सांगून ठेवा.

सगळं सामान घ्यायला किती खर्च?

ताडपत्री, दोरी, सुतळी, डबे, खुरपं ठाण्याच्या बाजारात किरकोळ पैशांत मिळतं. पैसे घालायचेच असतील तर आधी बूट, मग हेडटॉर्च, मग सॅक. स्लीपिंग बॅग आणि तंबू पहिले दोन-तीन ट्रेक भाड्याने किंवा उसने घ्या. आमच्या ग्रुपवर मागितलं तर कुणी ना कुणी देतंच. फक्त धुऊन, वाळवून परत करा. मागच्या वर्षी एका तंबूत मला कुणाचा तरी अर्धा बटाटेवडा सापडला.

परत आल्यावर सॅकचं काय करायचं?

घरात आणायचीच नाही. गॅलरीत उलटी करून झटकायची, गोचीड आणि मुंगळे तिथेच पडतात. अंगही तपासायचं: काखा, गुडघ्यामागे, कानामागे. आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना "जंगलात राहून आलोय" हे आवर्जून सांगा, ते सांगितलं नाही तर गोचीडताप, लेप्टो यांचा विचार त्यांच्या मनात उशिरा येतो. स्लीपिंग बॅग दोन दिवस उन्हात. टॉर्चमधले सेल काढून ठेवा, नाहीतर आतच फुटून संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतात. ताडपत्री पुसून, घडी घालून परत सॅकमध्येच. आमची ती निळी ताडपत्री मंडळाने अजून परत मागितलेली नाही.